एक खिडकी, चार टॅब

हजचा मोसम जवळ येऊ लागला की मक्केत राहणाऱ्या आपल्या मंडळींच्या घरातल्या कॉम्प्युटरला एकदम काम लागते. रत्नागिरी-रायगडकडून कोणाची आई येणार असते, कोणाचे मामा-मामी, कोणाच्या गावचे तर दहा-बारा जण एकत्र. पासपोर्टच्या प्रती, व्हिसा, लसीचा दाखला, औषधांची यादी, राहण्याच्या इमारतीचा पत्ता, घरच्यांचे फोन नंबर हे सारे 'असू दे तुमच्याकडेही एक प्रत' म्हणून इकडे पाठवले जाते. महिन्याभरात कॉम्प्युटरमध्ये दोनशे-तीनशे फाईली जमतात. त्या जमवणे सोपे. हव्या त्या क्षणी हवी ती, आणि हव्या त्याच माणसाची, काढणे कठीण.

हा लेख त्या 'काढण्या'विषयी आहे. कॉम्प्युटरमध्ये फोल्डर आणि फाईली दाखवणारा जो कार्यक्रम असतो, त्याला आपण फाईल मॅनेजर म्हणतो. विंडोजमध्ये तो फाईल एक्स्प्लोरर, ॲपलच्या मॅकवर फाइंडर, लिनक्सवर नॉटिलस किंवा डॉल्फिन. इंटरनेट पाहताना वापरतो तसे टॅब आता या सर्वांत आले आहेत. पुष्कळांना ते आले आहेत हेच ठाऊक नाही. ज्यांना ठाऊक आहे, त्यांचीही तक्रार असते की टॅबांनी गोंधळ कमी होण्याऐवजी वाढलाच. दोष टॅबांचा थोडा आणि आपल्या मांडणीचा जास्त, असे माझे मत आहे. ते का, हे क्रमाने पाहू.

रुमालापासून टॅबपर्यंत

कागद वेगवेगळे ठेवण्याची आपली जुनी पद्धत म्हणजे रुमाल. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले कागद कापडात बांधून ठेवलेले असत आणि त्या गाठोड्यालाच रुमाल म्हणत. याच दफ्तरातले निवडक कागद गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात ४५ खंडांत छापले गेले. अशा दफ्तरात काम करणाऱ्याला एक गोष्ट आपोआप कळते. चार रुमाल एकदम सोडून बैठकीवर पसरले, तर कागद कोणत्या रुमालातला हे संध्याकाळी सांगता येत नाही.

फाईलीच्या कडेला बाहेर डोकावणारी, नाव लिहिलेली पट्टी, म्हणजे खरीखुरी कागदी टॅब, ही पुढची पायरी. अमेरिकेत जेम्स न्यूटन गन यांनी कार्डांच्या अशा पट्ट्यांचे पेटंट १८९७ साली घेतले. कप्पा न उघडता आत काय आहे ते कळावे आणि बोट नेमके तिथेच जावे, एवढाच तिचा उद्देश.

कॉम्प्युटरवर हीच अडचण वेगवेगळ्या काळी वेगवेगळ्या प्रकारे सोडवली गेली. १९८६ साली आलेल्या नॉर्टन कमांडरने पडद्याचे सरळ दोन भाग केले. डावीकडे एक फोल्डर, उजवीकडे दुसरा, आणि फाईल इकडून तिकडे न्यायची. १९९० च्या विंडोज ३.० मधल्या फाईल मॅनेजरने एका मोठ्या खिडकीच्या पोटात अनेक छोट्या खिडक्या ठेवल्या. १९९५ च्या विंडोजमध्ये एक्स्प्लोरर आला आणि प्रत्येक फोल्डरसाठी स्वतंत्र खिडकी उघडण्याची सवय अनेकांना लागली. काम करता करता पंधरा खिडक्या एकमेकींवर चढायच्या आणि हवी ती नेहमी सर्वांत खाली असायची!

इंटरनेट पाहण्याच्या कार्यक्रमांत टॅब रुळल्यावर लोक विचारू लागले की हीच सोय फोल्डरांना का नाही? लिनक्सकडच्या मंडळींनी ती आधी दिली. नॉटिलस आणि डॉल्फिन या दोन्हींत २००८ साली टॅब आले, हलक्याफुलक्या थुनारमध्ये २०१२ साली. मॅकच्या फाइंडरमध्ये ते २०१३ च्या 'मॅव्हरिक्स' आवृत्तीपासून आहेत. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठी 'सेट्स' नावाचा एक प्रयोग चाचणीसाठी दिला होता, पण तो २०१९ मध्ये सोडून दिला. शेवटी ऑक्टोबर २०२२ मध्ये विंडोज ११ च्या एक्स्प्लोररला टॅब मिळाले. विंडोज १० मध्ये ते आलेच नाहीत, आणि त्या विंडोजचा सर्वसाधारण आधारही ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. तेव्हा तुमच्या एक्स्प्लोररच्या माथ्यावर टॅब दिसत नसतील, तर आधी विंडोज कोणते आहे ते पाहावे.

टॅब म्हणजे नेमके काय

टॅब म्हणजे एकाच खिडकीत ठेवलेली, पण स्वतंत्र चालणारी फोल्डरची जागा. स्वतंत्र याचा अर्थ असा की प्रत्येक टॅबला स्वतःचा मागचा-पुढचा प्रवास असतो. एका टॅबमध्ये तुम्ही तीन फोल्डर खोल गेलात आणि 'मागे'चा बाण दाबलात, तर तोच टॅब मागे येतो. बाकीचे जागच्या जागी राहतात. मात्र कॉपी केलेली फाईल ठेवण्याची जी अदृश्य जागा असते, ती सर्वांना मिळून एकच. म्हणून एका टॅबमध्ये कॉपी करून दुसऱ्यात पेस्ट करता येते.

एवढे लक्षात आले की टॅब कशासाठी चांगले आणि कशासाठी नाहीत हेही कळते. दोन-चार ठरलेल्या फोल्डरांत पुन्हा पुन्हा ये-जा करायची असेल, तर टॅबसारखी सोय नाही. पण दोन फोल्डर शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहायचे असतील, तर टॅब निरुपयोगी, कारण एका वेळी एकच दिसतो. त्यासाठी दोन खिडक्या लागतात. विंडोजमध्ये विंडोजचे चिन्ह असलेली कळ आणि डावा बाण एकत्र दाबला की खिडकी पडद्याचा डावा अर्धा भाग व्यापते, उजवा बाण दाबला की उजवा. डॉल्फिनमध्ये एफ ३ दाबले की त्याच टॅबचे दोन भाग होतात.

बोटांना लावायच्या सवयी

विंडोज ११ मध्ये कंट्रोल आणि टी दाबले की नवा टॅब उघडतो. कंट्रोल आणि डब्ल्यू दाबले की समोरचा बंद होतो. कंट्रोल धरून टॅबची कळ दाबली की पुढच्यावर जातो, सोबत शिफ्ट धरली की मागच्यावर. कंट्रोल आणि १, २, ३ असे आकडे दाबले तर त्या त्या क्रमांकाचा टॅब समोर येतो. मॅकवर कंट्रोलऐवजी कमांडची कळ घेऊन टी आणि डब्ल्यू चालतात. नॉटिलस आणि डॉल्फिनमध्ये चुकून बंद झालेला टॅब कंट्रोल, शिफ्ट आणि टी यांनी परत आणता येतो.

सौदीत विकत घेतलेल्या कीबोर्डवर अरबी अक्षरेही असतात. तिथे टी च्या कळीवर 'फा' असतो आणि डब्ल्यू वर 'साद'. विंडोजमध्ये लिहिण्याची भाषा अरबी असली तरी याच कळा काम करतात. म्हणून इंग्रजी अक्षर पुसले गेले असले तर 'कंट्रोल-फा उघडतो, कंट्रोल-साद मिटतो' एवढे ध्यानात ठेवले तरी भागते.

सर्वांत उपयोगी सवय मात्र माऊसच्या मधल्या चाकाची. फोल्डरवर नेहमीसारखे दोनदा टिचकी मारली तर तो त्याच टॅबमध्ये उघडतो आणि आधीचे ठिकाण हातचे जाते. चाकावर बोट ठेवून एकदा दाबले, की तो नव्या टॅबमध्ये उघडतो आणि आधीचा जसाच्या तसा राहतो. लॅपटॉपवर चाक नसते. तिथे उजवी टिचकी मारून 'नव्या टॅबमध्ये उघडा' हा पर्याय घ्यावा, किंवा सेटिंगमध्ये जाऊन तीन बोटांच्या स्पर्शाला मधल्या बटणाचे काम द्यावे. मॅकवर कमांड धरून दोनदा टिचकी मारली की हेच होते.

मोसमाचा मुख्य फोल्डर एक्स्प्लोररच्या डाव्या पट्टीत पिन करून ठेवावा. म्हणजे सकाळी कॉम्प्युटर सुरू केल्यावर दोन टिचक्यांत कामाची मांडणी तयार होते. डॉल्फिनला तर काल जे टॅब उघडे होते तेच आज उघड असे सांगून ठेवता येते.

पट्टीवर दिसते तेवढेच नाव

आता खऱ्या अडचणीकडे येऊ. टॅबच्या पट्टीवर फक्त शेवटच्या फोल्डरचे नाव दिसते. तो कोणाच्या पोटातला, हे दिसत नाही. आपण सर्वजण फार व्यवस्थितपणे एकेका कुटुंबाचा फोल्डर करतो आणि त्यात 'पासपोर्ट', 'औषधे', 'तिकीट' असे उपफोल्डर करतो. मांडणी सुरेख, पण तीन कुटुंबांचे काम एकदम निघाले की खिडकीच्या माथ्यावर 'पासपोर्ट', 'पासपोर्ट', 'पासपोर्ट' असे तीन टॅब उभे राहतात.

समजा, मिनामध्ये एक वृद्ध बाई आपल्या लोकांपासून चुकल्या आहेत. त्यांना चक्कर आली म्हणून कोणीतरी दवाखान्यात पोहोचवले आहे आणि तिथून फोन आला आहे. नाव सकीनाबी, गाव खेडजवळचे. डॉक्टरांना हवी आहे चालू औषधांची यादी. तुमच्याकडे त्याच गावच्या, त्याच आडनावाच्या दोन सकीनाबी आहेत. कोकणात हे मुळीच नवल नव्हे. एकीला मधुमेह, दुसरीला रक्तदाब. टॅबवर नुसते 'औषधे' लिहिलेले असेल, तर घाईत कोणती यादी फोनवरून वाचून दाखवली जाईल?

यावर उपाय साधा आहे. फोल्डरचे नाव असे असावे की तो एकटा दिसला तरी ओळखू यावा. भारतीय हज कमिटीमार्फत येणाऱ्यांना कव्हर नंबर मिळतो. एका अर्जावरच्या सगळ्या माणसांचा तो एकच असतो आणि यात्रेकरूंना हातात घालायला जे धातूचे कडे देतात, त्यावरही ओळखीसाठी तो असतो. फोल्डरच्या नावात आधी हा नंबर, मग त्या व्यक्तीचे नाव आणि शेवटी 'औषधे' किंवा 'पासपोर्ट' असे लिहावे. दवाखान्याला 'बाईंच्या हातातल्या कड्यावरचा नंबर वाचा' असे सांगितले, की कोणत्या सकीनाबी हा प्रश्नच मिटतो.

वेगळे ओळखू येणारे शब्द आधी का? टॅब जास्त झाले की पट्ट्या आखडतात आणि नावाचा शेवट कापला जातो. 'पासपोर्ट आणि व्हिसा' असे सुरू होणारी दहा नावे कापली गेल्यावर सारखीच दिसतात. नंबरांच्या आधी शून्ये घालून सर्वांची लांबी एक ठेवावी आणि आकडे एकाच लिपीतले वापरावेत. काही मराठी, काही इंग्रजी असे झाले की क्रम आणि शोध दोन्ही बिघडतात.

नावे मराठीत लिहायला काहीच हरकत नाही, पण ती आटोपशीर हवीत. विंडोजमध्ये ड्राइव्हपासून फाईलपर्यंतचा संपूर्ण पत्ता साधारणपणे २६० अक्षरचिन्हांत बसावा लागतो, आणि 'क्षि' हे आपल्या दृष्टीने एक अक्षर असले तरी कॉम्प्युटर त्यात चार चिन्हे मोजतो: क, हलन्त, ष आणि वेलांटी. लिनक्सवर एका नावाला २५५ बाइटची मर्यादा असते आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणजे ८५ चिन्हांत आटपावे लागते. लांबलचक नावांच्या फोल्डरांत फोल्डर करत गेले की एखादी फाईल कॉपी का होत नाही, याचे कोडे पुष्कळदा इथे सुटते.

साल कोणते लिहावे?

हा प्रश्न इतर ठिकाणच्या वाचकांना पडणार नाही, पण मक्केत पडतो. हिजरी वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान. त्यामुळे हज दरवर्षी तितका अलीकडे सरकतो. २०२४ मध्ये तो जूनच्या मध्यावर होता, २०२५ मध्ये जूनच्या पहिल्या आठवड्यात. आणि सरकता सरकता कधी कधी एकाच इंग्रजी वर्षात दोन हज येतात. २००६ मध्ये तसे झाले. हिजरी १४२६ चा हज जानेवारीत पडला आणि १४२७ चा डिसेंबरच्या अखेरीस. ज्यांच्या कॉम्प्युटरमध्ये 'हज २००६' नावाचा फोल्डर आहे, त्यांनी आतले फोटो कोणत्या हजचे हे एकदा पाहून घ्यावे! २०३९ मध्ये पुन्हा असाच योग आहे.

म्हणून मोसमाच्या फोल्डराला हिजरी साल द्यावे, १४४६, १४४७ असे. पासपोर्ट, विमान, सुटी यांच्या तारखा इंग्रजीच असतात. त्या फाईलींच्या नावात वर्ष, महिना, दिवस या क्रमाने लिहाव्यात, म्हणजे नावानुसार लावल्या तरी त्या काळाच्या क्रमानेच लागतात. विंडोजमध्ये प्रदेश म्हणून 'अरबी, सौदी अरेबिया' निवडलेला असेल, तर फाईलींच्या शेजारच्या तारखाही हिजरी दिसू शकतात. त्याने घाबरून जाऊ नये. कॉम्प्युटर आतमध्ये वेळ एकाच पद्धतीने साठवतो. बदलते ती दाखवण्याची रीत.

दिशेचेही तसेच. अरबी भाषेतल्या विंडोजमध्ये सारी खिडकी आरशात पाहावी तशी उलटी होते. टॅब उजवीकडून सुरू होतात, नवा टॅब डावीकडे जोडला जातो आणि खिडकी बंद करण्याची फुलीही डाव्या कोपऱ्यात जाते. ऑफिसात अरबी आणि घरी इंग्रजी विंडोज वापरणाऱ्याचा माऊस सारखा चुकीच्या कोपऱ्याकडे धावतो. कळा वापरल्या की ही दिशाभूल होत नाही. अरबी अक्षरे आणि आकडे मिसळलेल्या फाईलींची नावे कधी मागची पुढे झालेली दिसतात. तीही मुळात बदललेली नसतात, डोळ्यांना तशी दिसतात इतकेच.

ओढताना सावध

टॅब आल्यावर एक मोह फार वाढतो. फाईल माऊसने धरायची, दुसऱ्या टॅबच्या पट्टीवर क्षणभर थांबायचे, तो टॅब समोर आला की आत सोडून द्यायची. काम झटपट होते, पण नेमके काय झाले ते समजून घेणे आवश्यक आहे. विंडोज आणि मॅक दोन्हींत नियम असा की एकाच ड्राइव्हवर ओढलेली फाईल हलवली जाते, म्हणजे मूळ जागी राहत नाही. वेगवेगळ्या ड्राइव्हांमध्ये, उदाहरणार्थ पेन ड्राइव्हवरून कॉम्प्युटरवर, ओढली तर तिची प्रत होते. हाताची क्रिया एकच, परिणाम दोन! डॉल्फिन हे आपल्या मनाने ठरवत नाही. फाईल सोडल्यावर हलवू की प्रत करू असे तो विचारतो, आणि नवख्या माणसाला हेच बरे.

विंडोजमध्ये ओढताना कंट्रोल धरली तर नक्की प्रत होते, शिफ्ट धरली तर नक्की हलते. मॅकवर प्रत करायची तर ऑप्शनची कळ धरावी. त्याहून निर्धोक मार्ग म्हणजे एका टॅबमध्ये कंट्रोल-सी, दुसऱ्यात जाऊन वरचे नाव वाचायचे आणि मग कंट्रोल-व्ही. मधले ते नाव वाचणे महत्त्वाचे, कारण एकीचा पासपोर्ट दुसरीच्या फोल्डरात गेला तर कॉम्प्युटर काहीही बोलणार नाही. भलतीकडे काही पडलेच, तर लगेच कंट्रोल-झेड दाबावे. फाईल परत जाते. दुसरी दहा कामे केल्यावर मात्र तो मार्ग बिकट होतो.

किती टॅब उघडावेत?

माणसाच्या तात्पुरत्या स्मरणात एका वेळी साधारण सात गोष्टी राहतात, असे जॉर्ज मिलर यांनी १९५६ च्या आपल्या प्रसिद्ध लेखात मांडले होते. पुढे २००१ मध्ये नेल्सन कोवन यांनी तो आकडा चारच्या आसपास आणला. फाईलींच्या कामात चारचा हिशेब मला पटतो. पहिला टॅब मोसमाच्या मुख्य फोल्डरचा, तो कधी बंद करायचा नाही. दुसरा नव्याने आलेल्या, अजून जागेवर न लावलेल्या फाईलींचा. तिसरा आणि चौथा हातातल्या कामाचा. एका कुटुंबाचे काम झाले की कंट्रोल-डब्ल्यू दाबून तो टॅब मिटायचा आणि मगच दुसरे कुटुंब उघडायचे. पहिला टॅब नेहमी पहिलाच राहिला, तर कंट्रोल-१ दाबले की कुठूनही घरी परत येता येते.

परक्या कॉम्प्युटरवर

एक गोष्ट राहिली. मोसमात आपण दुकानातल्या, हॉटेलातल्या, मित्राच्या कॉम्प्युटरवरही कागद उघडतो, छापतो. टॅब बंद केला म्हणजे खूण पुसली गेली असे नव्हे. एक्स्प्लोररच्या पहिल्या पानावर नुकत्याच उघडलेल्या फाईलींची यादी राहते; ती फोल्डरच्या पर्यायांत जाऊन पुसावी. पेन ड्राइव्हवरून थेट छापावे, प्रत करू नये. दुसऱ्याच्या आईचा पासपोर्ट ही आपल्याकडे ठेव आहे. सौदी अरेबियात व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदाही सप्टेंबर २०२३ पासून लागू झाला आहे. हाजी सुखरूप घरी परतले की महिन्या-दोन महिन्यांत त्यांचे कागद काढून टाकावेत. आठवणीचे फोटो तेवढे ठेवावेत.

मुंबईहून जेद्द्याला जाणारी हजची बोट १९९५ पर्यंत चालू होती. त्या काळी घरातला एखादा जाणता माणूस सगळ्यांचे कागद एका कापडात बांधून छातीशी धरून बसे. कोणता कागद कोणाचा, हे त्याला न पाहता सांगता येई. आता कागद शेकडो झाले, सांभाळणारा मक्केत आणि हाजी अजून गावात, पण जबाबदारी तीच आहे. येत्या शुक्रवारी सुटीच्या दिवशी तासभर काढा. मोसमाच्या फोल्डराला हिजरी साल द्या, आतल्या फोल्डरांच्या नावांत नंबर आणि माणूस आधी घ्या, मधल्या चाकाने चार टॅब उघडून पाहा. मग घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी तिथे बसवून सांगा, "सकीनाबींची औषधे काढ बघू." त्याला तुम्हाला न विचारता ती काढता आली, की मांडणी जमली असे समजावे.